दोन सेकंदांचा डोंगर

२०२५च्या टूर द फ्रान्सचा एकोणिसावा टप्पा नुसत्या निकालावरून वाचला, तर मोठा रंगला असेल असं वाटतं. पहिला आला नेदरलँड्सचा थायमन आरेन्समन. त्याच्यामागून दोन सेकंदांनी डेन्मार्कचा योनास विंगेगोर, त्याला लागूनच स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार आणि आणखी चार सेकंदांनी जर्मनीचा फ्लोरियान लिपोवित्झ. १९ किलोमीटरचा चढ चढून आल्यावर चार माणसं सहा सेकंदांत! पण ज्यांनी तो चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिला, त्यांना विचारा. ‘काहीच झालं नाही’ असंच ते सांगतील. मीही तेच सांगेन. फक्त ‘काहीच झालं नाही’ म्हणजे नेमकं काय झालं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. निराशा झाली म्हणून कुरकुर करणं सोपं असतं. ती कशावर ठेवायची, हे ठरवायला थोडा विचार लागतो.

ज्यांना या शर्यतीची सवय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टूर म्हणजे तीन आठवड्यांत २१ टप्पे. रोजचा विजेता वेगळा असू शकतो, पण सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची सर्वांत कमी, तो पिवळ्या जर्सीचा मानकरी. सपाट रस्त्यावर दीडशे-पावणेदोनशे सायकली एका थव्यानं जातात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कापावा लागत नाही, मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. त्यामुळे सपाटीवर सशक्त आणि अशक्त यांतला फरक झाकलेला राहतो. डोंगरावर वेग उतरतो, आडोशाचा फायदा कमी होतो आणि माणूस उघडा पडतो. म्हणून आम्ही प्रेक्षक तीन आठवडे डोंगराची वाट बघतो. बाकीचे टप्पे वाटेतली गावं आणि किल्ले बघण्यासाठी ठीक असतात.

२५ जुलैचा हा टप्पा डोंगरातला शेवटचा मोठा टप्पा. इथून पुढं कुणाला काही उलटवायचं असेल तर जागाच उरत नव्हती. तोवरचा हिशेब असा होता. ओताकामच्या चढावर पोगाचारनं विंगेगोरला २ मिनिटं १० सेकंदांनी मागं टाकलं. दुसऱ्या दिवशी एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायच्या चढावर आणखी ३६ सेकंद. मग माँ व्हाँतूवर विंगेगोरनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पण तो सुटला नाही. आदल्या दिवशी मादलेनच्या घाटात त्याच्या संघानं पोगाचारला सगळ्या सोबत्यांपासून तोडलंही. पण खाली दरीत आल्यावर सगळा जोर ओसरला. एकोणिसाव्या टप्प्याच्या सकाळी पोगाचार ४ मिनिटं २६ सेकंदांनी पुढं होता. आणि तिसरा लिपोवित्झ पोगाचारपासून ११ मिनिटं १ सेकंद मागं. म्हणजे विंगेगोरच्या पाठीमागं साडेसहा मिनिटांहून जास्त मोकळी जागा होती. हा आकडा लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे.

शेवटचा चढ होता ला प्लान्यचा. १९.१ किलोमीटर, सरासरी ७.२ टक्के, म्हणजे दर किलोमीटरला ७२ मीटर वर. माथा दोन हजार मीटरच्या वर, आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनं उंच. टूरच्या जुन्या प्रेक्षकाला हे नाव ऐकलं की १९८७ आठवतं. त्या वर्षी स्पेनचा पेद्रो देल्गादो पुढं होता आणि आयर्लंडचा स्टीफन रोश अगदी थोड्या अंतरानं मागं. त्या दिवशी रोश सकाळीच पुढं निसटला, खूप वेळ आघाडीवर राहिला आणि मग पकडला गेला. शेवटच्या चढावर देल्गादोनं त्याला सोडलं. अर्ध्या चढावर रोश जवळजवळ दीड मिनिट मागं पडला होता. टीव्हीवाल्यांना तो दिसतच नव्हता. सगळे देल्गादोकडं बघत असताना शेवटच्या वळणावरून एकदम रोश उगवला, अवघ्या चार सेकंदांच्या अंतरानं. रेषा ओलांडून तो कोसळला, त्याला प्राणवायू द्यावा लागला. चार दिवसांनी पॅरिसमध्ये त्यानं ती शर्यत ४० सेकंदांनी जिंकली. त्या टप्प्याचा विजेता लोराँ फिन्यों होता, हे किती जणांच्या लक्षात राहिलं असेल!

तर असा डोंगर, असा हिशेब. मग टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी बातमी आली की मार्ग कापला आहे. मूळ टप्पा १२९.९ किलोमीटरचा, पाच चढांचा. त्यातला कोल दे सेझी हा घाट आणि त्याआधीचा एक चढ वगळून सुमारे ९३ किलोमीटर ठेवले. कारण सेझीच्या माथ्यावरच्या एका कळपात गुरांच्या त्वचेचा गाठींचा रोग सापडला होता आणि तो कळप मारावा लागणार होता. आपण ज्याला लम्पी म्हणतो तोच हा रोग. शेतकऱ्यांच्या दुःखाचा मान राखायचा आणि शर्यतही सुरळीत पार पाडायची, असं आयोजकांनी जाहीर केलं.

दिवेलागणीच्या आधी जेवण उरकून मी टीव्हीसमोर बसले तेव्हा श्रावणाचा पहिला दिवस होता. या खेळाचं वेड मला ज्याच्यामुळं लागलं त्या माझ्या भाच्याचा फोन आला. ‘मावशी, गाईंच्या पायी दोन डोंगर गेले बघ. आता काय राहिलं त्यात?’ शर्यत संपल्यावरही पुष्कळांचं हेच म्हणणं होतं. पाच चढ असते तर पोगाचारचे सोबती आधीच गळाले असते, तो दमला असता, मग काहीतरी घडलं असतं.

मला हे पटलं नाही, आणि केवळ गाईंच्या कळवळ्यानं नाही. छोटा टप्पा म्हणजे सपक टप्पा, असं या शर्यतीत कधीच नव्हतं. २०१८ साली पिरेनीजमध्ये अवघा ६५ किलोमीटरचा टप्पा ठेवला होता, शेवट कोल द्यु पोर्तेवर. त्याच चढावर आदल्या वर्षीचा विजेता क्रिस फ्रूम मागं पडला आणि त्याच्या संघाला दुसरा नेता पुढं करावा लागला. अंतर कमी असेल तर दमणूक उरकायची वाट न बघता पहिल्या घाटापासून धडक मारता येते. आणि कापून उरलेलं तरी काय होतं? कोल द्यु प्रे, मग कोर्मे द रोझलाँ, मग १९ किलोमीटरचा ला प्लान्य. ज्याला काही करायचंय त्याला एवढे डोंगर पुरेत. ज्याला करायचं नाही त्याला पाचाचे दहा केले तरी कमीच पडणार.

गाईंचं म्हणाल, तर २०२२ साली लम्पीनं आपल्याकडं काय केलं ते महाराष्ट्रानं आणि उत्तर कर्नाटकानं पाहिलं आहे. अंगभर गाठी, ताप, उभं राहता न येणारं जनावर. आपल्याकडं लस टोचून रोग आवरला, कळपच्या कळप मारले नाहीत, तरी कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. युरोपातला नियम कडक आहे. एका गाईला रोग निघाला की सगळा कळप जातो. ज्या खोऱ्यातून हा टप्पा गेला तिथल्या तारीन जातीच्या गाई उन्हाळ्यात उंच कुरणांवर चरतात आणि त्यांच्या दुधाचं बोफोर चीज होतं. तिथल्या माणसाचा सगळा संसार त्यावर उभा. त्या दारावरून जाहिरातींच्या गाड्यांची वरात, कर्णे आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या टोप्या घेऊन जायचं का, हा प्रश्न होता. जायचं नाही असं ठरलं. त्या सबंध दिवसात सायकलवर बसल्याविना घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय, असं माझं मत. कळप वाचला नाही, हे दुःख त्यानं कमी होत नाही.

आता चढावर काय झालं ते. ओल्या रस्त्यावरून सगळे पायथ्याशी आले. ऑस्ट्रियाच्या फेलिक्स गालच्या संघानं वेग वाढवला होता. माथ्यापासून सुमारे १४ किलोमीटरवर पोगाचारनं एक धडक मारली, विंगेगोर त्याच्या चाकाला येऊन चिकटला आणि पोगाचार थांबला. त्या क्षणी दोघं एकमेकांकडं बघत असताना आरेन्समन निघून गेला. तो एकूण क्रमवारीत कुणाच्या वाटेत नव्हता, म्हणून कुणी त्याचा पाठलाग मनावर घेतला नाही. त्यानंतर उरलेला सगळा चढ पोगाचार पुढं, त्याच्या मागच्या चाकामागं विंगेगोर, त्यांच्यामागं लिपोवित्झ आणि स्कॉटलंडचा ऑस्कर ऑनली. अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढं आरेन्समन. पोगाचार एका लयीत ओढत राहिला, विंगेगोर एका लयीत मागं राहिला. अगदी शेवटच्या काहीशे मीटरांवर विंगेगोर पोगाचारला मागं टाकून झेपावला. तेवढ्यात रेषा आली. आरेन्समनचे दोन सेकंद उरले होते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोनसमुळं विंगेगोरचं अंतर ४ मिनिटं २६ सेकंदांवरून ४ मिनिटं २४ सेकंदांवर आलं. तीन आठवड्यांच्या डोंगरातला शेवटचा दिवस, आणि दोन सेकंद!

पोगाचारला मी दोष देणार नाही. तो पुढं होता, त्याला फक्त घरी पोचायचं होतं, आणि आपण थकलो होतो हे त्यानं मागाहून मोकळेपणानं सांगितलं. तरी चढभर वारा त्यानंच खाल्ला. माझी टीका आहे विंगेगोरवर आणि त्याच्या संघावर. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं ही शर्यत जिंकलेला माणूस. मागच्याचं भय नाही, साडेसहा मिनिटं हाताशी. एकदा धडक मारून फसला असता आणि तीन मिनिटं गमावली असती, तरी दुसरा तो दुसराच राहिला असता. गमावण्यासारखं काही नसताना त्यानं काही लावलंच नाही. पाय साथ देत नसतील, असं कुणी म्हणेल. असेलही. पण ज्या पायांनी शेवटी पोगाचारला ओलांडलं, ते पाय दहा किलोमीटर आधी एकदा तरी विचारून बघायला हवे होते. उत्तर ‘नाही’ आलं असतं तरी प्रश्न विचारला गेला असता.

इथं मला आमच्या शास्त्रातले दोन शब्द उपयोगी पडतात. लहानपणी पाठशाळेत शिकवायचे की दुःख सोसल्यानं कर्म झडतं, पण सोसण्यासोसण्यात फरक असतो. तुरुंगात उपाशी ठेवलेला माणूसही उपाशीच असतो. त्याची ती अकाम निर्जरा. समजून-उमजून, स्वतः संकल्प करून जो अन्न सोडतो, त्याची सकाम. पोट दोघांचंही तेवढंच जळतं. सायकल चालवून कुणाची निर्जरा होत नाही हे मला ठाऊक आहे, हसू नका. पण टीका करायला ही मोजपट्टी चांगली आहे. ला प्लान्यवर विंगेगोरला कमी त्रास झाला असं नव्हे. पोगाचारच्या वेगानं १९ किलोमीटर चढणं म्हणजे काय, याची आपल्याला कल्पनाही येणार नाही. त्रास पुरेपूर होता, पण तो दुसऱ्यानं ठरवलेला. वेग दुसऱ्याचा, लय दुसऱ्याची, रस्ता कुठं तिरका घ्यायचा तेही दुसऱ्याचं. चढभर दिसल्या त्या यातना होत्या. निर्णय दिसला नाही. ‘काहीच झालं नाही’चा माझा अर्थ हा.

आणि हा अर्थ मी मुद्दाम लावते, कारण दुसरा अर्थ लावला तर तो आपल्यालाच चावतो. निराश प्रेक्षक सहसा काय मागतो? ‘अजून डोंगर घाला. अजून तीव्र चढ घाला. यांची हाडं दिसू देत.’ म्हणजे अजून यातना मागतो. १९८७चा प्राणवायूचा मुखवटा आपल्याला इतका प्रिय का आहे? रोशनं हिशेब केला, आधी स्वतःचा दम राखला आणि नेमक्या वेळी उधळला, हे त्या दिवसाचं खरं मोल. आपण मात्र कोसळलेला रोश लक्षात ठेवला. पाठशाळेत दुसरंही एक शिकवायचे. पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः केल्यानं, दुसऱ्याकडून करवल्यानं आणि कुणी केलेल्याला मनानं मान दिल्यानं. कृत, कारित, अनुमोदना. सोफ्यावर बसून टाळ्या वाजवणारा तिसऱ्या वाटेवर असतो, आणि ती वाट दिसते तेवढी निर्दोष नाही.

सायकलच्या इतिहासात याचा पुरावा भरपूर आहे. ला प्लान्यवरच २००२ साली मायकेल बोगर्डनं एकट्यानं लांब पल्ला मारून टप्पा जिंकला. तोही डचच. तेव्हा वाहवा झाली. २०१३ साली त्यानं कबूल केलं की आपण वर्षानुवर्षं उत्तेजकं घेत होतो. त्या काळात लान्स आर्मस्ट्राँगच्या ज्या सात टूर आपण श्वास रोखून पाहिल्या, त्या सगळ्या पुढं नोंदींतून पुसल्या गेल्या. डोंगरावर माणसं यंत्रासारखी उडत होती तेव्हा कुणी ‘कंटाळा आला’ म्हटलं नव्हतं. आजचे सगळे स्वच्छ आहेत अशी हमी मी देत नाही. एवढंच म्हणते की तिसऱ्या आठवड्यात दमलेला, एका लयीत कसाबसा वर जाणारा माणूस दिसला, तर त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. माणूस दमतोच. ‘अजून यातना’ या मागणीला पुरवठा करणारे निघतात, हे आपण एकदा पाहिलं आहे.

म्हणून प्रेक्षकानं मागायचा तो निर्णय. आणि त्या दिवशी निर्णय घेणारे होते, ही गोष्ट टीकेत सांगितलीच पाहिजे, नाहीतर ती टीका न राहता नुसती कुरकुर उरेल. आरेन्समन तर होताच. मोठे लोक एकमेकांचं तोंड बघत होते ते त्यानं हेरलं आणि निघाला. सहा दिवसांपूर्वी सुपरबान्येरला त्यानं एक टप्पा जिंकला होता, त्यावर समाधान मानून तो स्वस्थ बसला नाही. लिपोवित्झनं तिसऱ्या जागेसाठी ऑनलीवरची आपली २२ सेकंदांची आघाडी १ मिनिट ३ सेकंदांवर नेली. ती झुंज खरी होती, पण सगळ्यांची नजर वरच्या दोघांवर असल्यामुळं ती कुणी धड पाहिलीच नाही. पण माझ्या मते त्या दिवसाचा माणूस प्रिमोझ रोग्लिच. वय ३५, एकूण क्रमवारीत पाचवा. पाचवी जागा सांभाळून बसता आलं असतं. तो दुसऱ्याच घाटापर्यंत पुढं निसटला आणि ओल्या उतारावरही पुढंच राहिला. शेवटी मागच्यांनी त्याला गिळलं. त्यानं १२ मिनिटांहून जास्त गमावली, पाचवरून आठवर घसरला. हिशेबाच्या दृष्टीनं शुद्ध मूर्खपणा. पण ती १२ मिनिटं त्याची स्वतःची होती.

राहिला प्रश्न डोंगराचा. डोंगर कमी पडला का, याचं उत्तर दोनच दिवसांत पॅरिसमध्ये मिळालं. शेवटच्या टप्प्यात त्या वर्षी मोंमार्त्रची टेकडी तीनदा चढायची होती. १.१ किलोमीटरचा, फरसबंदीचा चढ. पाऊस लागल्यामुळं एकूण वेळेचा हिशेब तिथं आधीच थांबवला होता. म्हणजे पोगाचारची शर्यत जिंकून झाली होती, त्यानं मागं आरामात पायडल मारले असते तरी काही बिघडत नव्हतं. तो घसरड्या दगडांवरून पुढं राहून धडकत राहिला. आणि शेवटच्या फेरीत त्याला कुणी सोडलं? विंगेगोरच्याच संघातल्या वाउट फान आर्टनं. त्यानं चढाच्या वळणावर एकदाच जोर केला, पोगाचारचं चाक सुटलं, आणि तो एकटा शाँझ एलिझेवर पोचला.

मी भाच्याला तेव्हा फोन लावला. म्हटलं, ‘एक किलोमीटरचा चढ आहे रे. मोजून घे.’